नाव कोणाचं, हक्क कोणाचा: वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटचा भंग

शोधनिबंधातला मजकूर कोणी उचलला की लोक एका दमात म्हणतात, "चोरी केली, कॉपीराइट मोडला." थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. 'वाङ्मयचौर्य' म्हटलं की चोरी आली आणि चोरी आली की कायदा आलाच, असं वाटतं. पण हे दोन वेगळे आरोप आहेत. एक सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

पहिल्या शतकातल्या रोममध्ये मार्शल नावाच्या कवीने, आपल्या कविता स्वतःच्या म्हणून मिरवणाऱ्याला 'माणसं पळवणारा' म्हटलं. वाङ्मयचौर्यासाठीचा इंग्रजी शब्द 'प्लेजिअरिझम' त्याच्या त्या लॅटिन शब्दावरूनच आला. कॉपीराइटचा पहिला कायदा मात्र ब्रिटनमध्ये १७१० साली लागू झाला आणि त्यात प्रश्न होता तो पुस्तक छापण्याचा हक्क कोणाकडे, किती वर्षं, हा. मार्शलचं भांडण नावासाठी होतं, १७१० चा कायदा प्रतींसाठी. फरक तेव्हापासून तोच आहे. कॉपीराइटच्या बाबतीत मालकाची परवानगी होती का, हे बघायचं. वाङ्मयचौर्याच्या बाबतीत खऱ्या लेखकाला श्रेय दिलं का, हे.

कथा-कादंबऱ्यांत हा फरक फारसा बोचत नाही, कारण तिथे लेखक आणि मालक बहुधा एकच असतो. संशोधनाच्या नियतकालिकांत तसं नाही. लेख स्वीकारला गेला की लेखकापुढे कॉपीराइट हस्तांतराचा करार येतो, तो सही करतो (वाचून किती जण करतात, हा वेगळा विषय) आणि तिथून नाव लेखकाकडे, हक्क प्रकाशकाकडे. डिसेंबर २०१३ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाने, संशोधक जिथे आपले लेख ठेवतात त्या अकॅडेमिया डॉट एज्यू या संकेतस्थळाला लेख काढून टाकायच्या नोटिसा पाठवल्या. ते लेख तिथे चढवले होते खुद्द लेखकांनी, स्वतःच्याच नावाने. म्हणजे वाङ्मयचौर्याचा मागमूस नाही, तरी कायद्याने बोट दाखवायला जागा होती.

आता उलट बाजू. कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नाही. बौद्धिक संपदेच्या व्यापारी बाजूवरच्या १९९४ च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारात हे सरळ लिहिलं आहे: संरक्षण अभिव्यक्तीला, कल्पना, कार्यपद्धती किंवा गणिती संकल्पनांना नाही. म्हणून कोणी तुमचा युक्तिवाद उचलला, सगळी वाक्यं स्वतःची घातली आणि तुमचं नाव गाळलं, तर कॉपीराइटच्या दाव्यात सहसा हाती काही लागत नाही. विद्यापीठात मात्र त्याच कारणावरून पदवी जाऊ शकते. दोनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातलं पान स्वतःचं म्हणून छापलं तरी तेच: मुदत संपल्यामुळे हक्क कोणाचाच मोडला नाही, चौर्य मात्र शंभर टक्के. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची टक्केवारी यांपैकी कशाचाच निकाल देत नाही. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला उतारा टक्केवारी वाढवतो आणि परभाषेतून गुपचूप केलेला अनुवाद बरेचदा सुखरूप निसटतो. खरं तर त्या अनुवादात दोन्ही अपराध असतात, कारण अनुवादाची परवानगी देणंही मालकाच्याच हातात असतं.

कायद्याला नावाची अजिबात फिकीर नाही, असं मात्र नाही. कॉपीराइटवरच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९२८ साली भर पडली की आर्थिक हक्क विकल्यावरही 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा लेखकाचा हक्क उरतो. तो प्रत्यक्षात किती चालतो, हे देशागणिक बदलतं.

संशोधन सगळ्यांना मोफत वाचायला मिळावं म्हणणाऱ्या मुक्त प्रवेशाच्या (ओपन ॲक्सेस) चळवळीने हे दोन धागे मुद्दाम एकत्र विणले. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानुसार या क्षेत्रात कॉपीराइटचं काम एवढंच असावं: लेखनाच्या अखंडतेवर लेखकाचं नियंत्रण राहावं आणि त्याला योग्य श्रेय मिळावं. लेखकांना तयार खुले परवाने पुरवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा सीसी-बाय परवाना त्याच वळणाचा आहे. नक्कल करा, बदला, विका. अट मुख्यतः नाव देण्याची. त्यामुळे सीसी-बाय लेखातला मजकूर बिननावाने उचलला, तर तो नीतीचा भंग असतो आणि परवान्याचाही. उलट, कोणी तोच लेख संग्रहात घालून, नाव देऊन, महाग विकला तर लेखक संतापतो, पण तक्रार करायला जागा नसते. मोफत वाचायला मिळणारा प्रत्येक लेख असा खुला असतो, असंही समजू नये. परवाना नसेल तर तो फक्त वाचायला मोकळा.

एआय आल्यावर हे विणकाम उसवायला लागलं. परवान्याची अट लागू होते ती जिथे परवानगीची गरज आहे तिथेच. जपानने २०१८ च्या दुरुस्तीत आणि युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात मजकुराचं संगणकीय विश्लेषण, एआयला शिकवायला लागतं तसं, मालकाच्या परवानगीविना करण्याच्या सवलती दिल्या. युरोपात संशोधन संस्थांची सवलत करारानेही काढून घेता येत नाही. इतरांच्या बाबतीत मालक आपलं लेखन राखून ठेवू शकतो. कायद्यानेच दार उघडलं की सीसी-बायची नावाची अटही दाराबाहेर राहते. मग श्रेयाचं ओझं पुन्हा नीतिनियमांवर, आणि ते नियम माणसासाठी लिहिलेले. प्रकाशन-नीतीचं काम बघणाऱ्या कोप या संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की एआय साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. जबाबदार तो, ज्याने लेख पाठवला. पण यंत्राच्या उत्तरात कोणाचा विचार मिसळला आहे हे त्यालाही ठाऊक नसतं, मग तो संदर्भ देणार कोणाचा?

संशोधन-प्रकाशक टेलर अँड फ्रान्सिसची मालक कंपनी इन्फॉर्मा हिने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी एआयसाठी मजकूर वापरू देण्याचा करार जाहीर केला, तेव्हा अनेक लेखक बिथरले: आम्हाला विचारलं नाही. विचारायची गरज आहे की नाही, हे त्यांनी पूर्वी सही केलेल्या करारांवर अवलंबून होतं. घोषणेत शब्दशः उताऱ्यांवर मर्यादा घालण्याची हमी होती. हा कॉपीराइटचा भाग. तपशीलवार संदर्भ देण्याचं महत्त्वही मान्य केलं होतं, हा श्रेयाचा. उताऱ्याचे शब्द मोजता येतात. चार हजार लेखांतून मुरून आलेल्या एका वाक्याखाली कोणाचं नाव लिहायचं, हे अजून कोणाला मोजता आलेलं नाही.