उंदीर, मांजर आणि मुंबईची घरगल्ली

जुन्या इमारतीत उंदीर वाढले की सोसायटीच्या सभेत तीन सूचना हमखास येतात. कुणी म्हणतं मांजर पाळा, कुणी म्हणतं औषध टाका, कुणी म्हणतं पालिकेला पत्र द्या. हे तिन्ही उपाय मुंबईने सव्वाशे वर्षांत करून पाहिले आहेत आणि त्यांचं काय झालं याच्या नोंदीही आहेत. घरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याआधी त्यावर नजर टाकलेली बरी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, पहिले रुग्ण ओळखले. मांडवी बंदराला लागून होती. तिथे धान्याची गोदामं होती, वर माणसांची दाटी आणि त्यावर कौलं. माणसं आजारी पडण्याआधी गोदामांतून मेलेले उंदीर निघत होते. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द पुरेसे झाले. ते ऐकले की लोक भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपड्या बांधत. शास्त्रज्ञांचं एकमत होण्याच्या कितीतरी आधी लोकांना उंदीर आणि रोग यांतलं नातं कळलेलं होतं.

सरकारी उपाय मात्र वेगळ्याच समजुतीवर चालले होते. रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून पसरतो असं मानून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक हे जंतुनाशक सोडलं गेलं. घरांना चुना फासला, उजेड यावा म्हणून कौलं काढली, सामान जाळलं, राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर खुणा केल्या. आता उंदराच्या बाजूने विचार करा. गटारात जळजळीत पाणी आलं, छपरावरची कौलं निघाली, तर उंदीर शेजारच्या शाबूत घरात जाणार. बिऱ्हाडं हलली तशी गोधड्यांतून आणि धान्याच्या पोत्यांतून पिसवाही हलल्या. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत आठ-साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून लाखो माणसं बाहेर पडली होती.

पिसवेचा उलगडा व्हायला वेळ लागला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी प्लेगच्या उंदरावरून निरोगी उंदरावर रोग पिसवेमार्फत जातो हे दाखवलं, पण त्यांचं म्हणणं बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांना प्लेगच्या घरांतल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागेत, ते पक्कं सिद्ध केलं. शहरभरातून उंदीर गोळा करून तिथे फाडून तपासले जात.

त्यातली एक गोष्ट आजही रोजच्या कामाची आहे. उंदीर जिवंत असेपर्यंत पिसवा त्याच्या केसांत राहतात. तो मेला, अंग गार पडू लागलं की त्या त्याला सोडतात आणि जवळच्या उबदार अंगावर उडी घेतात. म्हणून नुकता मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलायचा नाही, आणि मांजराने आणून टाकलेला तर मुळीच नाही. जाड पिशवी हातावर उलटी चढवून त्यातच तो पकडायचा, पिशवी सुलटी करून गाठ मारायची, वर दुसरी पिशवी घालायची. उचलण्याआधी त्यावर आणि आसपास ब्लीचचं पाणी शिंपडायचं (एका भागाला नऊ भाग पाणी) आणि दहा मिनिटं थांबायचं. लेंड्याही आधी अशाच भिजवून कागदाने पुसून घ्यायच्या. कोरड्या लेंड्यांवर केरसुणी फिरवली की त्यांची धूळ नाकातोंडात जाते.

प्लेगने मुंबईच्या बांधकामावरही ठसा उमटवला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली, बीआयटी चाळी उभारल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. साध्या भाषेत सांगायचं तर समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. नियम उजेड-वाऱ्यासाठी होता, उंदरांसाठी नव्हता. तरीही कौलारू छपरांच्या जागी पक्की बांधकामं आली तिथे छपरातल्या उंदराची सोय गेली. मात्र ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. हलवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि तिथली दाटी वाढली.

या सगळ्यात घरगल्ली मात्र टिकली. दोन इमारतींच्या पाठींमधली ही चिंचोळी वाट मुळात मैला काढणाऱ्या सफाई कामगारांसाठी ठेवलेली होती. पुढे संडास बदलले, नळ आले, पण वाट राहिली. आज तिच्यातून सांडपाण्याचे पाइप उतरतात आणि वरच्या मजल्यावरून पिशव्या पडतात. खाली ओल, अन्न आणि अंधार तिन्ही मिळतं. गिरगावापासून लालबागपर्यंतच्या जुन्या इमारतींत उंदरांची तक्रार आली की आधी घरगल्लीत बॅटरी मारून बघावी. भिंतीच्या तळाशी उकरलेली ताजी माती आणि मुठीएवढी तोंडं दिसली तर ती घूस असते. पाइपांच्या कडेने तेलकट काळा पट्टा दिसला तर तो उंदरांचा रोजचा रस्ता. घूस जमीन पोखरते, काळा घरउंदीर पाइप आणि वायरींवरून वर चढतो, छोटा उंदीर ओट्याखालीच संसार थाटतो. चिचुंद्री यांच्यातली नाही. लांब नाकाची, चुं-चुं करत भिंतीकडेने पळणारी ही किडे आणि झुरळं खाते. तिला मारून उंदीर कमी होत नाहीत.

आता मांजर. १९०८ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेतले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, असं मांडलं आणि मांजरं पाळण्याचा आग्रह धरला. कल्पना लोकांना पटणारी होती. औषध नको, जाळपोळ नको, शिवाय गणपतीच्या वाहनाला आपल्या हाताने मारल्याचं पाप नको. पण मांजरालाही प्लेग होतो, आणि ते मेलेला उंदीर तोंडात धरून थेट अंथरुणाजवळ आणतं.

मांजर उंदीर कितपत कमी करतं याचं मोजमाप पुढे झालं. चार्ल्स एल्टन यांनी १९५३ मध्ये इंग्लंडच्या शेतवाड्यांवरची निरीक्षणं मांडली: आधी विषाने उंदीर संपवले आणि मग मांजरांना तिथेच नियमित दूध दिलं, तर नवे उंदीर वस्ती करत नाहीत, आधीच भरपूर असतील तर मात्र मांजरांच्याने ते संपत नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका कचरा-केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावले होते. तेवढ्या काळात मांजरांनी दोनच उंदीर मारले. उंदीर मात्र मांजर जवळ असताना कमी दिसत आणि आडोशाला जास्त थांबत. मांजर पिल्लू किंवा छोटा उंदीर धरतं. पूर्ण वाढलेल्या गटारी उंदराच्या किंवा घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. ससून डॉकवर जाऊन बघा. बोंबील आणि बांगड्याच्या डोक्यांवर पोसलेल्या मांजरांना घुशीशी झुंजायचं कारणच काय?

तेव्हा मांजर राखणदार म्हणून उत्तम, पण निर्मूलनासाठी नाही. तेही पोट भरलेलं, नसबंदी आणि लसीकरण झालेलं हवं. उपाशी ठेवलं तर जास्त शिकार करेल ही समजूत चुकीची आहे. विष्ठेची पेटी रोज साफ करायची, कारण टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठा पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्गजन्य होतात. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

विषांचा इतिहास याहून कडू आहे. झिंक फॉस्फाईडची काळी, लसणीसारख्या वासाची पूड जुनी. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन वायू सुटतो आणि उंदीर काही तासांत मरतो. अडचण उंदराच्या सावधपणाची आहे. नवीन वस्तू दिसली की तो आधी चाटूनच बघतो. थोडं खाऊन आजारी पडला आणि वाचला, तर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही. म्हणून जाणकार दोन-तीन दिवस बिनविषाचं तेच पीठ ठेवतात आणि मग एका रात्री विषाचं देतात. घरी लोक पहिल्याच रात्री औषध ठेवतात आणि चौथ्या दिवशी म्हणतात, ‘उंदीर हुशार झालेत.’

१९४८ पासून वॉरफरिन आलं आणि हा पेच सुटला. ते रक्त गोठू देत नाही, पण परिणाम दिसायला दिवस लागतात, त्यामुळे उंदराला खाण्याचा संशय येत नाही. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर सापडले आणि पुढची पिढी आली. आज सोसायटीत ठेवतात त्या ब्रोमाडिओलोनच्या रंगीत वड्या त्याच पिढीतल्या, ०.००५ टक्के तीव्रतेच्या. उंदीर तीन ते सात दिवसांत मरतो, म्हणजे कुठे मरेल ते आपल्या हातात नाही. फॉल्स सीलिंगमध्ये किंवा पोटमाळ्याच्या फळीमागे मेला तर वास आठवडा-दोन आठवडे जात नाही, मग निळ्या माश्या येतात. त्या दिवसांत सुस्तावलेला उंदीर मांजराच्या तोंडी सहज लागतो आणि विष मांजरात जातं. हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, धाप ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. उतारा व्हिटॅमिन के-१ आहे, पण तो लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडून सुरू व्हायला हवा. घरात मांजर असेल तर वड्या नकोतच.

दोन गोष्टी घरात आणूच नयेत. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेलेला माणूस पहिले एक-दोन दिवस बरा दिसतो आणि मग यकृत निकामी होतं. तिला उतारा नाही. विष लावलेला टोमॅटो चुकून जेवणात जाऊन जीव गेल्याची घटना मुंबईत घडली आहे. दुसरी, धान्य कोठारांसाठीची ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी. ओल लागली की तिच्यातून वायू सुटतो आणि लगतच्या खोलीत झोपलेली माणसं दगावतात. गोंदाचा पुठ्ठाही वापरू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्याविरुद्ध सूचना दिल्या आहेत, आणि तासन्‌तास ओरडत राहिलेला जीव पुढे कुणी सोडवायचा हा प्रश्न घरातल्या बाईवर किंवा वॉचमनवर येतो. चुकून मांजराचं पिल्लू चिकटलं तर ओढू नये. खाण्याचं तेल हळूहळू चोळून सोडवावं.

पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार आजही रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्यांत उतरतात. रात्रीला ३० उंदरांचं उद्दिष्ट असतं आणि सकाळी मोजदाद होते. नाक दाबून आपण ज्या गल्लीकडे पाठ करतो तिथे हा माणूस रोज वाकतो. त्याला गमबूट आणि हातमोजे मिळाले का, हे सोसायटीनेही विचारायला हवं. मात्र मेलेल्यांच्या मोजदादीवरून उरलेल्यांचा अंदाज येत नाही. मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेताला सहा ते दहा पिल्लं, आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. मार्च २०१८ मध्ये मंत्रालयातल्या उंदरांचा ३,१९,४०० हा आकडा एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मांडला, तेव्हा हा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आकडा आहे असा खुलासा झाला. किती गोळ्या टाकल्या हे कागदावर राहतं, किती बिळं बुजली याची वही कुणी ठेवत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदराच्या मुतातले जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या चिरेत शिरतात. तेव्हापासून पालिका दर पावसाळ्यात सांगते: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या.

घरात करायचं काम त्या मानाने साधं आहे. दाराखालून पेन्सिल सरकली तर छोटा उंदीर आत येतो. अंगठा शिरेल एवढी फट मोठ्या उंदराला पुरते. सिंकचा पाइप नहाणीत उतरतो तिथली फट, एसीच्या नळीचं भोक, गॅसच्या पाइपाभोवतीची मोकळी जागा हे तीन रस्ते आधी बघावेत. नुसतं सिमेंट लावलं तर ओलं असतानाच कुरतडतात. आधी स्टीलची घासणी ठासून भरायची, मग वर सिमेंट. नहाणीच्या सांडपाण्याच्या भोकाला पाव इंची जाळी स्क्रूने बसवायची. प्लास्टिकची झाकणं ते एका रात्रीत कुरतडतात. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी लावायची, रबराची नको.

हे झाल्यावर आत अडकलेल्यांसाठी पिंजरा. तो भिंतीला टेकून ठेवायचा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत चालतो. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्याकडे फिरकत नाही. आमिषाला खोबऱ्याचा तुकडा गॅसवर काळसर होईपर्यंत भाजून आकड्याला घट्ट अडकवायचा. सुका बोंबीलही चालतो, पण घरात मांजर असेल तर नको. पहिल्या दोन रात्री दार बांधून उघडंच ठेवायचं, त्याला आत-बाहेर करू द्यायचं, आणि तिसऱ्या रात्री दोरा सोडायचा. सापडलेला उंदीर समोरच्या नाक्यावर सोडला तर तो परततो. पिंजरा बादलीत बुडवणं त्याच्यासाठी आणि बघणाऱ्या पोरांसाठीही क्रूर आहे. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या कीटकनाशक विभागाला फोन करून विचारावं. पिंजरा उन्हात सुकवण्याआधी गरम पाण्याने आणि ब्लीचने धुवायचा.