तापलेला पत्रा, सिलिकॉन आणि नॅनोकण

नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरू लागतात: पत्र्याला पट्टी चिकटवा, फुकट वीज मिळवा. पट्टीमागचा सीबेक परिणाम (तापमानातल्या फरकातून वीज तयार होणं) खरा आहे, १८२१ पासून माहीत आहे. खोटा आहे तो हिशोब. वीज नुसत्या उष्णतेतून मिळत नाही, पट्टीच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक लागतो. पत्रा ६५ अंश, खोली ३५ अंश. या ३० अंशांतून आदर्श यंत्रालाही ९ टक्क्यांहून जास्त काढता येत नाही आणि सिलिकॉन-जर्मेनियमची पट्टी ०.२ टक्क्यांच्या आसपास थांबते. चौरस मीटरमागे ५०० वॅट उष्णता तिच्यातून नेली तरी वीज मिळणार १ वॅट. त्यावर कूलरचा पंपही फिरणार नाही. असले व्हिडिओ पाहून कोणी पैसे गुंतवू नयेत.

हाच मिश्रधातू १००० अंशांना मात्र विलक्षण काम करतो. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत प्लुटोनियमच्या उष्णतेपासून तोच वीज देतो आहे, एकही हलता भाग नसताना.

पदार्थाची लायकी झेडटी या आकड्याने मोजतात: सीबेक गुणांकाचा (एका अंशाच्या फरकाला मिळणारा व्होल्टेज) वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले निरपेक्ष तापमान, भागिले उष्णतावाहकता. म्हणजे वीज सहज वाहावी आणि उष्णता अडावी. सिलिकॉनमध्ये उष्णता मुख्यतः अणूंच्या जाळीची कंपनं नेतात, त्यांना फोनॉन म्हणतात. इलेक्ट्रॉन वेगळे, फोनॉन वेगळे. म्हणून एकाला न दुखवता दुसऱ्याला अडवता येतं.

शुद्ध सिलिकॉनची उष्णतावाहकता साध्या तापमानाला सुमारे १५० वॅट प्रति मीटर-केल्विन. २० टक्के जर्मेनियम मिसळलं की ती ५ च्या आसपास येते, कारण जड जर्मेनियम अणू कंपनांना विखुरतात. पण हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं. आखूड लाटा अडतात, लांब लाटा एकेका अणूची दखलच घेत नाहीत आणि मायक्रॉनभर न अडखळता जातात. उरलेली उष्णता त्याच नेतात. भरपूर डोपिंग केलेल्या (वीज वाहावी म्हणून परके अणू मिसळलेल्या) या पदार्थात इलेक्ट्रॉन मात्र काही नॅनोमीटरांतच धडकतो. तेव्हा १०-२० नॅनोमीटरचे स्फटिक कण एकमेकांना चिकटवले, तर त्यांच्या सीमा लांब फोनॉनना पदोपदी आडव्या येतात आणि इलेक्ट्रॉनचं नुकसान त्यामानाने थोडं होतं. उष्णतावाहकता २.५ च्या आसपास उतरते. २००८ मध्ये या पद्धतीने एन-प्रकारच्या (ज्यात वीज इलेक्ट्रॉन नेतात; पी-प्रकारात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा नेतात) नमुन्याचा झेडटी ९०० अंशांना १.३ पर्यंत गेला. पूर्वी तो १ च्या आत होता.

कृती ऐकायला सोपी. १० ग्रॅमच्या घाण्यासाठी ६.०७ ग्रॅम सिलिकॉन, ३.९३ ग्रॅम जर्मेनियम (८०:२० हे प्रमाण अणूंचं, वजनाचं नव्हे, इथे हमखास गफलत होते). एन-प्रकारासाठी थोडा फॉस्फरस, पी-प्रकारासाठी बोरॉन. आर्गॉन भरलेल्या बंद भांड्यात बॉल मिलवर कित्येक तास दळायचं, मग ग्राफाइटच्या साच्यात १००० अंशांच्या वर दाबून काही मिनिटांत वडी घट्ट करायची. हवा शिरली की प्रत्येक कणावर ऑक्साइड चढतं आणि विद्युतरोध वाढतो. पोलादी भांड्यातून लोखंड झडून पुडीत मिसळतं. दाब कमी पडला तर छिद्रं राहतात, त्यांनी वीजही अडते. गरम जास्त वेळ ठेवलं तर कण वाढतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मधल्या तापमानाला बराच काळ राहिल्यास फॉस्फरस स्फटिकातून बाहेर पडून साचतो आणि वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन घटतात.

जर्मेनियम फार महाग, म्हणून ते कमी करणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नॅनोकण असतील तर ५ टक्के जर्मेनियमवरही झेडटी ०.९ च्या पुढे जातो, हे २००९ मध्ये दिसलं. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत लोखंड तापवणाऱ्या ज्या भट्ट्या आहेत, त्यांच्या हजार अंशांच्या धुराला असा पदार्थ शोभेल. मात्र तिथे सिलिकॉनची वाफ होऊन यंत्रातले या पदार्थाचे खांब झिजू नयेत म्हणून व्हॉयेजरसारखा सिलिकॉन नायट्राइडचा लेप लागेल, आणि थंड बाजूला अखंड वाहतं पाणी.