जुनं विमानाचं इंजिन घेताना कान कुठे लावायचा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या शेडमध्ये माझा मामेभाऊ स्वतःचं दोन सीटचं विमान बनवतोय आणि आता त्याने सेकंडहँड कॉन्टिनेंटल ओ-200 इंजिन आणलंय. सेसना 150 मध्ये असायचं तेच, चार सिलेंडर, एअरकूल्ड, 2750 आरपीएमला 100 हॉर्सपॉवर. विकणारा म्हणाला, "तास कमीच झालेत, आणि जाम होऊ नये म्हणून दर रविवारी पाच मिनिटं चालू करायचो." भाऊ खूश, मला मात्र धस्स झालं.

कारण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलवाल्या पोटात, उतरते. उडताना ऑइल चांगलं तापतं म्हणून ती ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या हवा सोडणाऱ्या नळीतून, निघून जाते, पाच मिनिटांत ते धड कोमटही होत नाही, म्हणजे दर रविवारी आत थोडं पाणी सोडायचं आणि आठवडाभर तसंच ठेवायचं. वर आपला पावसाळा. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेट गंजतात आणि लॉगबुकात मात्र तास कमीच दिसतात!

तपासायच्या आधी प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटो बघा, हे प्लीज विसरू नका. गाडीत चावी बंद म्हणजे करंट बंद, इथे उलटं आहे. मॅग्नेटो स्वतःच वीज बनवतो, स्विच ऑफ केला की तो फक्त अर्थ होतो. ती अर्थची तार तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही प्रोपेलर हाताने फिरवल्यावर ठिणगी पडू शकते. म्हणून आधी सगळ्या प्लगच्या तारा काढायच्या आणि प्रत्येक सिलेंडरचा एकेक प्लग काढायचा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर दाब किती धरून ठेवतो ते. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून 80 पीएसआय दाबाने हवा सोडायची आणि दुसऱ्या गेजवर बघायचं किती टिकते. प्रोपेलर एकाने घट्ट धरायचा, कारण त्या पिस्टनवर पावणेपाचशे किलोच्या आसपास जोर असतो, पिस्टन जरा इकडेतिकडे असला की प्रोपेलर हातातून सुटलाच म्हणून समजा. तीन सिलेंडर सत्तरच्या वर आले, एक बावन्न. भाऊ लगेच सिलेंडर उतरवायला निघाला, म्हटलं थांब रे, हवा जाते कुठून ते आधी ऐक. ऑइल टाकायच्या तोंडाशी सूं आवाज आला तर रिंगा, कार्बोरेटरमध्ये आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या पाइपात आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रिंगांतून थोडी गळती चालते, एक्झॉस्टची मात्र डोकेदुखी, आणि आमचा आवाज नेमका पाइपातच.

मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो तो प्लगच्या भोकातून आत घातला. जळालेला व्हॉल्व्ह एका कडेला वेगळ्याच रंगाचा दिसतो, हा गोल सगळीकडे सारखा होता, म्हणजे व्हॉल्व्हच्या बैठकीवर काजळी नाहीतर गंजाचा कण अडकला असावा. प्लग लावून, विमान खुंट्याला बांधून, इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवलं आणि लगेच परत मोजलं तर अडुसष्ट!

भाऊ पेढे आणायच्या बेतात. पण ऑइल गरम असतानाच फडक्यातून गाळलं आणि फडक्यावरचा गाळ चुंबकाला लावून बघितला, तर बारीक चकचकीत तुकडे चिकटले. ॲल्युमिनियम चिकटत नाही, चिकटतं ते लोखंड, आणि अशा उभ्या राहिलेल्या इंजिनात पहिला संशय कॅम-टॅपेटवरच जातो. कॉम्प्रेशनमध्ये हे कधीच दिसलं नसतं. आता क्रँककेस उघडणार, तोपर्यंत पंखांचं काम चालू आहे.