लोकरीचं कापड शिवायला देताय? कृपया भिजवून आणू नका

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी झाली की नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात कोट, ब्लेझर, बंडीची कापडं यायला लागतात. डिसेंबरात लग्नसराई आणि हिवाळी अधिवेशन सोबतच येतं आणि त्या गर्दीत दरवर्षी एक गोष्ट हमखास घडते. कोणी काकू नाहीतर भाऊ पिशवीतून कापड काढतात आणि मोठ्या विश्वासानं सांगतात, "मास्टर, तुम्ही फकस्त कापा जी, रात्रभर बादलीत भिजवून, वाळवूनच आणलं आहे."

सुती कापडासाठी ही सवय अगदी बरोबर आहे. आपला मुलूखच कापसाचा. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती याच कापसाच्या भरवशावर. पोपलीन असो की खादी, भिजवल्याशिवाय शिवायची नाही, हे आपल्या घरोघरी आईनं शिकवलेलं आहे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि मग बऱ्यापैकी स्थिर होतं. लोकरीचं तसं नाही, आणि हे पत्रक लिहायचं मुख्य कारण तेच.

लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांसारखीच ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते आणि तिच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, कौलं एकावर एक ठेवावीत तसे. गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की खवले उघडतात, तंतू एकमेकांत शिरतात आणि अडकून बसतात. पुढच्या धुण्यात आणखी अडकतात. म्हणून लोकर एकदा आटून थांबत नाही. काश्मिरी नमदा, म्हणजे न विणता दाबून केलेलं लोकरीचं जाड अंथरूण, मुद्दाम असाच करतात, ओली लोकर साबण लावून दाबून, लाटून. वाजवायच्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांखाली असतो तो फेल्टही याच गुणावर तयार होतो. बादलीत किंवा मशीनमध्ये तुमच्या कोटाच्या कापडाचा नमदा व्हायला सुरुवात होते आणि तो पुन्हा उलगडत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. महाल भागातून एक काकू मुलाच्या लग्नासाठी गडद राखाडी फ्लॅनेल घेऊन आल्या, सव्वातीन मीटर. गिझरचं गरम पाणी, पावडर, मशीनचा एक फेरा आणि गच्चीवरचं ऊन, एवढं सगळं त्या कापडानं सोसलं होतं. टेबलावर पसरून टेप लावला. ५८ इंचांचा पन्हा (कापडाची रुंदी) कुठे ५४ भरला, कुठे ५३. काठ लाटांसारखा वर-खाली झालेला. हात फिरवला तर घोंगडीचा राठपणा लागत होता आणि वीण दिसेनाशी झाली होती. आमच्या मास्टरांनी दोन दिवस वाफ देऊन आडवा धागा जमेल तेवढा सरळ केला, पण आटलेला पन्हा काही परत आला नाही. त्यातून पूर्ण सूट निघणं शक्यच नव्हतं. शेवटी काकूंना मुलासाठी नवं कापड घ्यावं लागलं आणि त्या फ्लॅनेलमधून मुलाच्या वडिलांची बंडी काढून दिली. त्या दोन दिवसांत बाकीच्या ग्राहकांची कामं मागे पडली ती वेगळीच. काकूंचं नुकसान झालं याचं आम्हाला आजही वाईट वाटतं, कारण कापड घेतल्याबरोबर कोणी त्यांना एक वाक्य सांगितलं असतं तर ते टळलं असतं.

म्हणून ते वाक्य इथे सांगतो: लोकरीचं कापड दुकानातून घेतलं तसंच, घडीसकट, आमच्याकडे आणा. पाण्याचं काम आमचं.

तीन दिवस कशाला लागतात

बरेचजण म्हणतात, दुसरीकडे तर आज दिलेलं कापड आजच कापतात, तुम्हीच तीन दिवस का ठेवता? कारण मिलमध्ये विणताना आणि तागा गुंडाळताना कापड ताणलं गेलेलं असतं. मिलनं आटवून दिलेलं चांगलं कापडही थोडंफार ताणात असतं. तो ताण कापण्याआधी सुटला पाहिजे, नाहीतर पहिल्या ड्रायक्लीनला किंवा वाफेच्या इस्त्रीला तुमच्या अंगावरच्या कोटात सुटतो.

पहिल्या दिवशी घडी उघडून उजेडात दोष बघतो. मग एका कोपऱ्यात खडूनं ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून वाफ देतो आणि गार झाल्यावर पुन्हा मोजतो. चौकोन ४९ वर आला तर दोन टक्के आटलं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण ४२ इंच उंचीच्या पँटमध्ये दोन टक्के म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. पँट थेट घोट्यावर चढते. त्या रात्री एक जुनी मऊ सुती चादर ओली करून घट्ट पिळतो, तिच्यावर लोकरीचं कापड पसरतो आणि दोन्हींची मिळून सैल गुंडाळी करून ठेवतो. ओल हळूहळू सारखी पसरते. चोळणं नाही, गरम पाणी नाही, त्यामुळे खवले अडकायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या दिवशी कापड सावलीत फळीवर सपाट वाळवतो. दोरीवर टाकत नाही, कारण ओली लोकर आपल्याच वजनानं खाली ओढली जाते. तिसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं, ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबतो आणि उचलतो, घासत नाही. त्यानंतरच खडू आणि कात्री.

याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, शिलाईतच धरलेले आहेत. कोटाच्या आत लागणारा सुती कॅनव्हास मात्र आम्हीही सरळ बादलीत भिजवतो, कारण तो सुती आहे. वरचं कापड आटवलं आणि आतला कॅनव्हास तसाच ठेवला तर छातीवर फुगे येतात.

नागपुरात कोणतं कापड घ्यावं

आपली थंडी खरी दीड-दोन महिन्यांची. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा ऊन असतं. त्यामुळे ट्वीडसारखं जाड, खरखरीत, चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपासचं कापड इथे बहुतेक वेळ कपाटातच राहतं. हिमाचलला फिरायला जाणार असाल तर जरूर घ्या, शिवायला सुंदर कापड आहे ते. फ्लॅनेलला वरून मऊ लव असते. रात्रीच्या रिसेप्शनला ते फार देखणं दिसतं, पण लव एकाच दिशेनं ठेवून कापावी लागत असल्यानं कापड थोडं जास्त लागतं.

इथल्या हवेला आम्ही बहुतेकांना हलकं वर्स्टेड सुचवतो. लांब तंतू विंचरून, समांतर करून कातलेल्या सुताचं हे कापड असतं. इंग्लंडमधल्या वर्स्टेड नावाच्या गावावरून त्याला हे नाव पडलं. ते गुळगुळीत असतं, सुरकुती रात्रीतून स्वतःच मोडते आणि २०० ते २५० ग्रॅमच्या कापडात दुपारीही जीव घुसमटत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा ओलसर न लागता शोषून घेते, त्यामुळे घाम अंगाला चिकटत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, पण ही सवलत उच्च न्यायालयासाठी नाही. म्हणून खंडपीठात उभं राहणाऱ्या वकील मंडळींना आम्ही हेच कापड, अर्ध्या अस्तराचं, शिवून देतो. मे महिन्यात फरक कळतो.

टेरीवूल म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर यांचं मिश्रण. स्वस्त पडतं, क्रीज धरतं, आटतं कमी. रोजच्या वापराला आणि गणवेशाला उत्तम, उष्णता मात्र जरा जास्त धरतं. आणि हेही भिजवून आणू नका.

काठावर विणलेल्या 'सुपर १००', 'सुपर १२०' या आकड्यांबद्दल फार विचारणा होते. तो आकडा तंतूची बारीकी सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतू १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक, सुपर १५० म्हणजे १६.२५ किंवा त्याहून बारीक. आकडा मोठा तेवढं कापड मऊ आणि महाग, पण तेवढंच नाजूकही. रोज टेबलावर कोपर टेकणाऱ्यानं सुपर १५० घेतलं तर बाही लवकर विरते. रोजच्यासाठी १०० ते १२० पुरे. लग्नाच्या एका कोटासाठी वर जायला हरकत नाही.

कापड खरंच लोकरीचं आहे का, अशी शंका असेल तर काठाचे दोन-तीन धागे उसवून चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटानं चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मागच्या वर्षी एका ग्राहकानं शुद्ध लोकर म्हणून घेतलेलं कापड आमच्याच टेबलावर असं मणी होऊन निघालं. कापड घ्यायच्या आधी नमुन्याचा तुकडा घेऊन आलात तर आम्ही पाच मिनिटांत तपासून देतो, कापड कुठूनही घ्या.

कापड किती आणि कधी आणायचं

५८ ते ६० इंच पन्ह्यात पूर्ण सुटाला सव्वातीन मीटर, नुसत्या कोटाला दोन, पँटला सव्वा आणि बंडीला सव्वा ते दीड मीटर लागतं. मोठ्या चौकटीचं कापड असेल तर पाव मीटर वाढवा, चौकटी शिवणीवर जुळवायच्या असतात. कोटाच्या पाठीत आणि पँटच्या कमरेत आम्ही एक ते दीड इंच माया (शिवणीच्या आत जास्तीचं कापड) सोडतो. लोकरीत जुन्या शिवणीची खूण वाफेनं बरीचशी निघून जाते, त्यामुळे तीन-चार वर्षांनी अंग भरलं तरी तोच कोट सैल करता येतो. लग्न डिसेंबरात असेल तर दिवाळीआधीच कापड टाका, दोन ट्रायल निवांत होतील.

शिवून नेल्यावर घरी पाणी नाही, हे तेव्हाही लागू. प्रत्येक वापरानंतर ड्रायक्लीनचीही गरज नसते. मऊ ब्रश फिरवा, रुंद खांद्याच्या हँगरवर एक दिवस हवेला ठेवा. गरम इस्त्री थेट लावली की कोपरांवर, मांडीवर चकाकी येते, म्हणून ओलं फडकं मध्ये हवंच.

पावसाळ्याआधी कोट ठेवताना तो स्वच्छ करूनच ठेवा. कसरीची अळी केराटिन खाते आणि घामाच्या, जेवणाच्या डागांकडे आधी जाते. ड्रायक्लीनरची प्लास्टिकची पिशवी काढून सुती पिशवी घाला. डांबराच्या गोळ्या कापडाला न लागता वर टांगा. कापडाचा उरलेला तुकडा आम्ही कोटासोबत परत देतो, तो फेकू नका, कोटाच्याच पिशवीत ठेवा. कधी भोक पडलं तर रफूचा धागा त्याच तुकड्यातून काढावा लागतो, बाजारात तो रंग मिळत नाही.