दोन पुस्तकं, सात दिवस : कॉलेज ग्रंथालयाच्या नियमांची पार्श्वभूमी

प्रवेशाची धावपळ संपून वर्ग सुरू झाले की नागपुरातल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं ग्रंथालयाच्या दाराशी जरा थबकतात. दारालगत फलक असतो. बॅग प्रॉपर्टी काउंटरवर ठेवा, आयकार्ड गळ्यात हवं, दोन पुस्तकं सात दिवसांसाठी मिळतील, उशीर झाल्यास रोजचा दंड, संदर्भग्रंथ घरी नेता येणार नाहीत, पुस्तक हरवल्यास नवी प्रत किंवा किंमत, आणि 'नो ड्यूज' घेतल्याशिवाय टीसी नाही. अलीकडे त्याच्याखाली ई-जर्नल्सच्या पासवर्डसाठी कुणाला भेटायचं तेही चिकटवलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळं एकाच बैठकीत ठरलं असावं. प्रत्यक्षात यातला जवळजवळ प्रत्येक नियम वेगळ्या काळातला आहे आणि त्यामागची धास्तीही वेगळी. धास्ती गेली तरी नियम उतरवला कुणी नाही. नवा आला तो खाली जोडला गेला, एवढंच.

हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. मॉरिस म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं, पण विद्यापीठ इथे नव्हतं. कॉलेजं आधी कलकत्ता विद्यापीठाला आणि पुढे अलाहाबादला जोडलेली. अभ्यासक्रम तिकडे ठरायचा, पेपर तिकडून यायचे. मुंबईची रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात पोचली होती, मात्र कलकत्त्याची सरळ गाडी १८८३ मध्ये अजून धावत नव्हती. पुस्तकं इंग्रजी, त्यातली बरीच विलायतेहून बोटीने येणारी. एक प्रत हरवली तर दुसरीची वाट किती बघावी लागत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. त्या काळच्या कॉलेजांतलं ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाटं आणि त्यांच्या किल्ल्या सांभाळणारा एक माणूस. तो बहुधा कारकून असायचा, नाहीतर शिकवणं सांभाळून हे काम पाहणारा एखादा प्राध्यापक.

ही रीत आपण ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडेही वेगळं काही नव्हतं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून पुस्तक बाहेर न्यायची मुभा कुणालाच नसे. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याने एक पुस्तक मागवलं, तर ग्रंथपालाने नियमावर बोट ठेवून नकार दिला आणि राजाने तो मानला. पुढे क्रॉमवेललाही तसंच परत पाठवण्यात आलं. 'संदर्भग्रंथ घरी नेता येणार नाही' ही फलकावरची ओळ या घराण्यातली आहे. बाकीच्या नियमांबद्दल माझं काहीही मत असो, या एका नियमाचा मी पक्षपाती आहे. कोश, गॅझेटिअर, नकाशे सगळ्यांना रोज थोडे थोडे लागतात. ते एकाच्या खोलीवर आठवडाभर पडून राहिले तर बाकीच्यांनी काय करायचं?

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने चित्र थोडं बदललं. कॉलेजला संलग्नता हवी असेल तर ग्रंथालयाची योग्य सोय आहे किंवा केली जाईल, हे दाखवणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. त्याचा फायदा झालाच. पण त्याच वेळी ग्रंथालय ही तपासणीला येणाऱ्यांना दाखवायची गोष्टही झाली. कपाटं किती, ग्रंथ किती, नोंदी पूर्ण आहेत का? ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, इथली कॉलेजं त्याच्याकडे आली, आणि तपासणीची परंपराही आली. आजही संलग्नतेसाठी एलईसीची, म्हणजे विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीची, माणसं येणार म्हटलं की ग्रंथालयात आधी दाखल नोंदवही टेबलावर निघते.

या नोंदवहीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण अर्धे नियम तिच्यातून निघाले आहेत. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक असं सगळं एका ओळीत उतरतं. मग शिक्के. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक, शेवटी एक, आणि एक 'गुप्त पानावर'. प्रत्येक ग्रंथालयाचं गुप्त पान ठरलेलं असतं. कुणी पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी आत कुठेतरी शिक्का सापडावा म्हणून. (विद्यार्थ्यांना तो आकडा सहसा माहीत असतोच, ती गोष्ट निराळी.) नोंदवहीत एकदा चढलेलं पुस्तक म्हणजे संस्थेची मालमत्ता, टेबल-खुर्चीसारखी. वार्षिक पडताळणीत ते सापडलं नाही तर जाब ग्रंथपालाला. ज्या माणसाच्या पगारातून भरपाई कापली जाण्याची टांगती तलवार असते तो कपाट उघडं कशाला ठेवील? बॅग बाहेर, खिडकीला जाळी, चिठ्ठी लिहून द्यायची, अटेंडंट आत जाऊन पुस्तक आणणार किंवा 'नाही' म्हणून परत येणार, हे सगळं त्या एका भीतीचं गोत्र.

वास्तविक सरकारनेच या भीतीवर उतारा दिलेला आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्पष्ट म्हटलंय की वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून महाग पुस्तक आणि दुर्मीळ ग्रंथ यांची मात्र चौकशी करावीच. पडताळणीही सरसकट दरवर्षी नको : वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी, त्यापुढे पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्याहून मोठ्या संग्रहात नमुना तपासणी. वापरलं जाणारं पुस्तक कधीतरी हरवणारच, हे हिशेबाच्या भाषेत मान्य केलेलं आहे. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत. खासगी व्यवस्थापनाच्या कॉलेजात ते आपोआप लागू होत नाहीत, आणि तिथे ही सवलत ग्रंथपालाच्या पदरात पडेलच असं नाही.

कपाटं उघडी करा, असं भारतात सगळ्यात ठामपणे सांगितलं ते एस. आर. रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पहिलाच सिद्धान्त असा की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आज तो प्रत्येक ग्रंथालयात फ्रेममध्ये लावलेला दिसतो, कित्येकदा कुलूपबंद कपाटाच्या अगदी वरच. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. चिठ्ठी देऊन ताटकळणाऱ्या मुलाची तक्रार या तीन शब्दांपेक्षा जास्त काही नसते.

आता 'दोन पुस्तकं, सात दिवस'. हा आकडा कुणी अभ्यास करून काढला असावा असं वाटतं, पण तो मुख्यतः कागदाच्या खिशांमधून आलेला आहे. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत नीना ब्राउन यांनी देवघेवीची एक साधी पद्धत रुजवली. वाचकाला जितकी पुस्तकं द्यायची तितकी खिशासारखी तिकिटं द्यायची. पुस्तकात एक कार्ड असतं. पुस्तक नेताना ते कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि जोडी परतीच्या तारखेच्या कप्प्यात उभी करायची. पुस्तक परत आलं की तिकीट वाचकाच्या हातात. आपल्याकडची बीटी (बॉरोअर्स टिकेट) कार्डं ती हीच. लिहायचं काही नाही, फक्त तारखेच्या पट्टीवर शिक्का. तिकिटं दोन म्हणजे पुस्तकं दोन. कप्पे आठवड्याचे केले की मुदत आठवड्याची. कोणत्या वर्गाला कोणत्या वारी देवघेव, ही वाटणीही काउंटरवरची एकच जोडी हातांची आणि ट्रे दोन-चार, यातून आलेली. दंडाचा हेतूही कमाईचा नव्हता. कप्प्यात उरलेली जोडी रोज नजरेला खुपत असे, तिचा निकाल लागावा एवढाच त्याचा उद्देश.

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांच्या ग्रंथालयांची अवस्था फारच अपुरी असल्याची नोंद केली. वार्षिक अनुदान, वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायची मुक्तद्वार पद्धत, वाढीव वेळ, प्रशिक्षित कर्मचारी अशा शिफारशी केल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ग्रंथपालाचा दर्जा व वेतन अध्यापकाच्या बरोबरीने असावं हा विचार तिथून पुढे सरकला. नागपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण १९५६ पासून मिळू लागलं. विदर्भातल्या कॉलेजांत किल्ल्यांचा जुडगा बाळगणाऱ्या कारकुनाच्या जागी शिकलेला ग्रंथपाल हळूहळू येत गेला, त्यात या विभागाचा वाटा मोठा.

तोवर विद्यार्थीही बदलला होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, १९६४ मध्ये दीक्षाभूमीच्या आवारात डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभं राहिलं. शहरात आणि तालुक्यांच्या गावी नवी कॉलेजं निघाली. ज्यांच्या घरात पुस्तक विकत घेणारी ही पहिलीच पिढी, अशी मुलं वर्गात आली. त्यांना कादंबरी सात दिवसांसाठी नको होती, क्रमिक पुस्तक वर्षभरासाठी हवं होतं. दोन तिकिटांच्या नियमात ते बसत नव्हतं. बुक बँक ही त्यावरची तोड : नाममात्र रक्कम भरून पुस्तकांचा संच घ्यायचा, परीक्षा झाली की परत करायचा. १९७८-७९ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची योजना सुरू केली. ग्रंथालयाच्या सगळ्या सेवांमध्ये माझ्या मते ही सर्वांत मोलाची, आणि फलकावर सर्वांत बारीक अक्षरात लिहिलेली. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिचा पत्ता सीनिअरकडून लागतो, तोवर संच संपलेले असतात.

झेरॉक्सच्या सेवेमागे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कलम ५२ मध्ये अभ्यास-संशोधनासाठी सूट आहे. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत ग्रंथालयाला काढता येतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा देशभरचे ग्रंथपाल बिचकले होते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणाच्या ओघात लागणाऱ्या अशा प्रतींना मोकळीक दिली. तरीही अख्खं पुस्तक झेरॉक्स करून मागितलं की काउंटरवरचा माणूस मान हलवतो.

वाचनकक्षाचा मामला मात्र अजून सुटलेला नाही. जुना नियम सांगतो, स्वतःचं पुस्तक आत आणू नका. कारण उघड होतं : बाहेर जाताना कोणतं पुस्तक कुणाचं हे तपासायचं कसं? पण आज नागपूरच्या कॉलेजातला वाचनकक्ष भरतो तो ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून आलेली, तिघं-चौघं मिळून एका खोलीत राहणारी मुलं तिथे टेबल, पंखा आणि शांतता शोधत येतात. एमपीएससीच्या नोट्स त्यांच्या स्वतःच्या असतात. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कुलर कोणत्या कोपऱ्यात आहे त्यावर जागा ठरतात. शहरात पैसे घेऊन चालणाऱ्या अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या त्या याच गरजेवर. काही कॉलेजांनी हे ओळखून वाचनकक्ष वेगळा काढला, बॅगेसकट आत यायची परवानगी दिली आणि परीक्षेच्या दिवसांत वेळ रात्रीपर्यंत वाढवली. बाकी ठिकाणी पाच वाजता दिवे जातात आणि मुलं पायऱ्यांवर बसून वाचतात. पुस्तक चोरीला जाईल म्हणून केलेला नियम, पुस्तक न मागणाऱ्या मुलाला बाहेर ठेवतो. इथे बदल करायला पैसाही फारसा लागत नाही, लागतो तो एक ठराव आणि एक जादा माणूस.

संगणक आल्यावर बीटी कार्डं ड्रॉवरमध्ये गेली. त्यांच्या जागी देवघेवीची सॉफ्टवेअरं आली : ग्रंथालयांना जोडणाऱ्या अनुदान आयोगाच्या इनफ्लिबनेट या केंद्राचं सोल, मुक्त स्रोत असलेलं कोहा, आणि विदर्भात बऱ्याच कॉलेजांत दिसणारं, नागपूरच्याच मास्टरसॉफ्टचं लिबमॅन. आता पुस्तकावर बारकोड, दंड सॉफ्टवेअर मोजतं. ब्राउनबाईंचे खिसे गेले, तरी सेटिंगमध्ये आकडा भरताना बहुतेकांनी जुनाच भरला : दोन पुस्तकं, सात दिवस. खरं तर आता दहा द्यायलाही यंत्राची हरकत नाही.

दारातल्या सहीच्या रजिस्टरचं झालं ते आणखी मजेशीर. मुळात ते कोण आत गेलं हे कळावं म्हणून. १९९४ मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक आली, आणि पुढे तिच्या निकषांत रोज किती विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात हा आकडा मागितला जाऊ लागला. तेव्हापासून तीच सही संशयाऐवजी गुणांसाठी घेतली जाते. नॅकचं पथक येणार असलं की 'येताना-जाताना नोंद करा' ही सूचना मोठ्या अक्षरात परत छापली जाते.

पासवर्डची ओळ सर्वांत नवी. अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या कलम २(फ) आणि १२(ब) खाली मान्यता असलेल्या कॉलेजांना इनफ्लिबनेटच्या एन-लिस्टमधून २०१० पासून ई-पुस्तकं आणि जर्नल्स अल्प वर्गणीत मिळतात. ती घरूनही उघडतात, पण नोंदणी ग्रंथपालाकडूनच व्हावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांना ही सोय आपल्याच कॉलेजात होती हे पहिल्यांदा कळलं. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स खुली झाली, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद करून. तिचा पहिला लाभ केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना आहे. म्हणजे एकाच विद्यापीठाच्या, एकाच अभ्यासक्रमाच्या दोन विद्यार्थ्यांपैकी सरकारी संस्थेतल्याला एक लेख उघडता येतो आणि खासगी कॉलेजातल्याला तो येईलच असं नाही. त्यामुळे नवीन मुलांनी फलक वाचून झाल्यावर काउंटरवर दोन प्रश्न विचारून घ्यावेत : आपलं कॉलेज यातल्या कोणत्या योजनेत बसतं, आणि बुक बँकेचे अर्ज कधी निघतात.