फॉइलमधले बटाटे

अॅल्युमिनियम फॉइलमध्ये बटाटा, अख्खा किंवा चिरलेला, गुंडाळून निखाऱ्यात, कोळशाच्या जाळीवर, ओव्हनमध्ये नाहीतर घरच्या तव्यावर शिजवायची ही पद्धत. कॅम्पिंगवाले, ट्रेकवाले, स्काउटची पोरं, अंगणात बार्बेक्यू लावणारे, सगळ्यांची ही आवडती, कारण भांडं लागत नाही, घासायला काही उरत नाही आणि ज्याला कांदा नको, तिखट नको, लसूण नको त्याला त्याची वेगळी पुडी बांधून देता येते. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, बऱ्याच रेसिप्यांमध्ये ती नसतेच: फॉइलमध्ये बटाटा मुख्यतः भाजला जात नाही, वाफवला जातो. किती वेळ ठेवायचा, कुठला बटाटा घ्यायचा, पुडी कधी उघडायची आणि उरलेल्याचं काय करायचं, हे सगळं ह्या एका गोष्टीवर ठरतं.

आत काय होतं

बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. आतलं तापमान ६०-७० अंशांच्या आसपास गेलं की स्टार्चचे कण ते पाणी पिऊन फुगायला लागतात आणि मधोमध ९८-९९ अंश सेल्सिअस झालं की बटाटा आतून मोकळा, पिठूळ होतो. नुसता बटाटा ओव्हनमध्ये ठेवला तर सालीतून वाफ निघून जाते, साल कोरडी पडून कुरकुरीत होते. फॉइल लावली की ती वाफ जाणार कुठे, ती आतच फिरत राहते, त्यामुळे साल मऊ आणि ओलसर, गर दमट. अमेरिकेतलं आयडाहो पोटॅटो कमिशन, म्हणजे बटाटा खपवणं हेच ज्यांचं काम, तेसुद्धा ओव्हनमधल्या बेक्ड पोटॅटोला फॉइल लावू नका असंच सांगतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं. घरात ओव्हन असेल आणि कुरकुरीत साल हवी असेल तर बटाट्याला नुसतं तेल-मीठ चोळा, जाळीवर ठेवा आणि फॉइल विसरा.

निखाऱ्यात मात्र गोष्ट वेगळी आहे. तिथे फॉइलचं काम खरोखर मोठं, राख चिकटत नाही, एकाच बाजूला कोळसा होत नाही कारण अॅल्युमिनियम उष्णता झटकन पसरवतं, आणि तूप-बटर गळून आगीत जात नाही. शिवाय फॉइल जिथे निखाऱ्याला टेकलेली असते तिथलं पाणी आटतं आणि बटाट्यावर तांबूस खरपूस डाग पडतो. वाफेत शिजलेला मऊ गर आणि मधेच तो करपट-गोडसर तुकडा, ह्या पदार्थाची खरी मजा तिथे आहे, म्हणून शेवटची ५-७ मिनिटं पुडी वरून उघडी करून ठेवली तर आतलं पाणी उडून जातं आणि असे डाग जास्त मिळतात.

फॉइल कुठून आली

राखेत बटाटा पुरायची पद्धत फॉइलच्या कितीतरी आधीची. बटाटा मूळचा जिथला, त्या पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज डोंगरात शेतकरी आजही काढणीच्या वेळी शेतातच वाटिया करतात, मातीच्या ढेकळांची छोटी घुमटी रचायची, आत जाळ करून ढेकळं तापवायची, बटाटे आत टाकायचे आणि मग ती घुमटीच वरून मोडून त्यांच्यावर पाडायची, गरम मातीत गाडलेले बटाटे आपोआप शिजतात. ना भांडं ना कागद.

अॅल्युमिनियमची फॉइल लाटायचा पहिला कारखाना १९१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाला आणि सुरुवातीला ती चॉकलेटं वगैरे गुंडाळायलाच जायची. स्वयंपाकघरात ती खरी शिरली दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत रेनॉल्ड्स रॅप नावाचा घरगुती फॉइलचा रोल १९४७ मध्ये बाजारात आला आणि मग मागच्या अंगणातली बार्बेक्यू, स्काउटचे कॅम्प सगळीकडे फॉइलच्या पुड्या दिसायला लागल्या. तिकडच्या स्काउटांचं ठरलेलं जेवण म्हणजे खिमा, बटाटा, गाजर, कांदा एकाच पुडीत. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला थंडीत हातात धरून खायला जॅकेट पोटॅटो असतात, इस्राएलमध्ये लाग बाओमेर ह्या ज्यू सणाच्या रात्री पोरं होळीसारख्या शेकोट्या पेटवतात आणि फॉइलमधले बटाटे निखाऱ्यात टाकतात, जर्मन लोक अशा बटाट्यावर क्वार्क नावाचं आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारं प्रकरण घालून खातात. जपानमध्ये रताळं आधी ओल्या वर्तमानपत्रात आणि मग फॉइलमध्ये गुंडाळतात, म्हणजे वाफेसाठी जास्तीचं पाणी कागदातूनच मिळतं. शाईचं काय ही शंका मला येतेच, त्यामुळे कोरा कागद किंवा केळीचं पान बरं.

आपल्याकडे पान किंवा मडकं हीच फॉइल होती म्हणा ना. रायगडात, अलिबाग-पेणच्या बाजूला थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागते, मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ, तोंडाशी परत पाला दाबायचा आणि बाहेरून जाळ. पाणी घालत नाहीत, पाल्याच्या आणि शेंगांच्याच ओलाव्यावर सगळं शिजतं, म्हणजे फॉइलच्या पुडीत जे होतं तेच, वर भांबुर्ड्याचा वास फुकट. माझं मत विचाराल तर चवीत पोपटीतला बटाटा फॉइलच्या बटाट्याला मागे टाकतो, पण चार माणसांनी ट्रेकला मडकं पाठीवर घेऊन जायचं कोण, तिथे फॉइलचा रोल जिंकतो. पवना, भंडारदरा अशा ठिकाणच्या तंबूवाल्या कॅम्पवर बार्बेक्यू असतोच, तिथेही चार पुड्या कोपऱ्यात सहज बसतात. आणि अमेरिकेतली मराठी मंडळी लाँग वीकेंडला स्टेट पार्कमध्ये कॅम्पिंगला जातात तेव्हा मसाल्याचा डबा बरोबर असला की त्याच स्काउटच्या पुडीत काळा मसाला पडतो.

बटाटा कुठला घ्यायचा

अख्खा शिजवायचा असेल तर जुना, कोरडा, पिठूळ बटाटा, १५० ते २०० ग्रॅमचा. भारतात बाजारातले बरेचसे बटाटे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या कुफरी जातींचे असतात, त्यात कुफरी पुखराज पाणीदार, फॉइलमध्ये जरा गिचका होतो, कुफरी ज्योती ठीक, आणि वेफर्ससाठी काढलेली कुफरी चिपसोना मिळाली तर फार छान कारण तिच्यात पाणी कमी. पण भाजीवाल्याकडे जात विचारली तर 'इंदोरी' नाहीतर 'तळेगाव' एवढंच उत्तर मिळतं, म्हणून सरळ हातात घेऊन बघायचं, जड, टणक, साल जराशी खरखरीत. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, तो ताजा मिळाला तर चिरून पुडीत घालायला उत्तम, नवा बटाटा आकार सोडत नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये फार दिवस राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, तो गोड लागतो आणि लवकर काळा पडतो. हिरवट झालेला किंवा कोंब आलेला घेऊच नका, त्यातलं सोलॅनिन नावाचं विष उष्णतेने जात नाही.

पुडी

सगळी गोम पुडी बांधण्यात आहे. घरगुती फॉइल फार पातळ असते, ११ मायक्रॉनच्या आसपास, एका थराने निखाऱ्यात भोक पडणारच, म्हणून दोन थर घ्या किंवा जाड फॉइल आणा. चकचकीत बाजू आत की बाहेर यावर लोक वाद घालतात, काही फरक पडत नाही, शेवटच्या लाटण्यात दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळातून काढतात तेव्हा एकमेकांना टेकलेली बाजू मंद राहते एवढंच.

हातभर लांब तुकडा घ्या, मधोमध तूप किंवा बटर चोपडा, त्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, एकावर एक चढतील पण दोनतीन थरांच्या वर नको, नाहीतर मधल्या कच्च्या राहतात. मधे कांद्याच्या चकत्या, मीठ, ठेचलेला लसूण, वर परत एक बटरचा तुकडा. आता लांब बाजूच्या दोन्ही कडा वर आणून एकमेकींना टेकवा आणि बोटभर घडी घालत घालत दोनतीनदा खाली दुमडा, पण बटाट्याला चिकटेपर्यंत नाही, वर वाफेला दोन बोटं जागा सोडायची. मग उरलेली दोन टोकं तशीच दुमडून बंद. बरोबर जमलं असेल तर १०-१२ मिनिटांनी पुडी फुगून टम्म होते आणि आतून चरचर ऐकू येते, फुगलीच नाही तर कुठेतरी गळतेय असं समजा आणि वरून अजून एक फॉइल लावा.

मसाल्यात मला सगळ्यात आवडतो तो हिरव्या मिरचीचा ठेचा लोण्यात कालवून. उपवासाला तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट आणि मीठ, हेही झकास होतं, फक्त कूट उघडल्यावर घाला, आत गिच्च होतं. लिंबू, चिंच, टोमॅटो, दही हे सगळं पुडी उघडल्यावरच, आणि ताटात. आंबट आणि खारट पदार्थ गरम असताना फॉइलमधलं अॅल्युमिनियम थोडं थोडं जेवणात उतरवतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम अॅल्युमिनियम ही मर्यादा धरली आहे, कधीतरीच्या बटाट्याने ती ओलांडायची भीती नाही, पण रोज फॉइलमध्ये आंबट शिजवायची सवय नको.

आग आणि वेळ

ज्वाळांत पुडी टाकू नका. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वारा घातलेले लालबुंद निखारे त्याच्यावर सहज जातात, मग फॉइलची चाळण होते. जाळ बसू द्यायचा, निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की ते एका बाजूला पसरायचे आणि त्यावर पुडी. अख्खा बटाटा ४५ मिनिटं ते तास, दर १०-१५ मिनिटांनी चिमट्याने फिरवत, चकत्यांची पुडी २०-३० मिनिटं. अख्ख्या बटाट्याला आधी काट्याने चारपाच ठिकाणी टोचा. ओव्हनला २०० अंशांवर अख्खा तासभर, पुडी अर्धा-पाऊण तास. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा, मंद गॅस, वर झाकण, ३५-४० मिनिटं, मधे एकदोनदा उलटायची, आणि खरं सांगायचं तर तव्यावर डाग निखाऱ्यापेक्षा जास्त एकसारखे पडतात. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल नाही म्हणजे नाही. झालं का बघायला फॉइलवरूनच पातळ सुरी घाला, न अडता गेली पाहिजे. उघडताना तोंड लांब ठेवा आणि तुमच्यापासून पलीकडची बाजू आधी फाडा, वाफेने बोटं चांगलीच भाजतात.

उरलेले बटाटे

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. शिजलेला बटाटा फॉइलमध्येच गुंडाळलेला बाहेर ठेवायचा नाही. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू बटाट्याच्या सालीवर असू शकतात, ते १०० अंशांना मरत नाहीत, आणि फॉइलमध्ये ओलावा आहे, हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्यांना वाढायला हवं ते सगळं आयतं. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोत एका रेस्टॉरंटने फॉइलमध्ये भाजलेले बटाटे काही दिवस तसेच बाहेर ठेवून त्यांचं डिप केलं आणि ३० लोकांना बॉट्युलिझम, म्हणजे ह्या जंतूच्या विषाची बाधा, झाला. हे विष नसांवर जातं, श्वास घ्यायचे स्नायू बंद पडू शकतात, आणि बटाट्याचा वास किंवा चव बिघडलेली असेलच असं नाही. म्हणून एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवून लगेच खा, नाहीतर फॉइल काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. कॅम्पवर फ्रिज नसतो, तिथे रात्री उरलेली पुडी सकाळच्या नाश्त्याला ठेवण्यापेक्षा टाकून दिलेली परवडली.

फ्रिजमधले मात्र दुसऱ्या दिवशी किसून थालीपिठात घाला किंवा तव्यावर जिरं-मिरचीची फोडणी देऊन परता, एकदा गार झालेला बटाटा तव्यावर चकत्यांनी मस्त खरपूस होतो.

आग कुठे लावतोय तेही बघा. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि फेब्रुवारी ते मे सह्याद्रीत गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने वणवा लागतो, त्या दिवसांत गडावर, रानात चूल नकोच, पुड्या घरूनच तव्यावर करून गरमागरम खाऊन निघा. कॅम्पसाइटवर पेटवली असेल तर निघताना पाणी ओतून, राख ढवळून, परत पाणी. फॉइल जळून जात नाही, तिचे तुकडे राखेत तसेच वर्षानुवर्षं राहतात आणि तेलाच्या वासाने कुत्री, माकडं ते चघळतात. सगळे तुकडे वेचायचे, तूप पुसून मोठा गोळा करायचा, आणि घरी आणून डब्या-कॅनच्या अॅल्युमिनियमबरोबर भंगारवाल्याकडे द्यायचा.