आंबट खाल्ल्याने टाके पिकत नाहीत

दुचाकीवरून पडून नडगी मोडली, आत रॉड बसवला, की पेशंट घरी येण्याआधीच फर्मान निघतं: लिंबू, दही, चिंच, भात बंद, नाहीतर टाके पिकतील! कोथरूड असो वा हडपसर, सल्ला तोच.

टाक्यांत पू होतो तो जंतूंमुळे, बरेचदा स्टॅफिलोकोकसमुळे. जेवणातला आंबटपणा जखमेपर्यंत पोचतच नाही. शरीर रक्ताचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान धरून ठेवतं. उलट, जखम सांधणारं कोलॅजन क जीवनसत्त्वाशिवाय नीट तयार होत नाही. ते न मिळाल्याने स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या जुन्या, भरलेल्या जखमाही पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी अशा दोघांना संत्री-लिंबं दिली, आणि तेच सर्वांत लवकर सुधारले.

दही तोडलं की शाकाहारी आजीच्या ताटातलं मोलाचं प्रथिन जातं, हे मला फार खटकतं. हाड जुळायला काही महिने लागतात. तेवढे दिवस तिला वरण, उसळ, दही पोटभर द्या. भातही.

खरी पथ्यं वेगळी आहेत: साखर आटोक्यात, तंबाखू-सिगारेट बंद, ड्रेसिंग कोरडं. ताप आला, लाली वाढली, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.